हार्ड डिस्क प्रतिलेखन

हार्ड डिस्क प्रतिलेखन : निकामी होत चाललेल्या हार्ड डिस्कवरील सर्व सेक्टर (साठवणीचे ठराविक आकाराचे छोटे भाग), त्यांत फाइल असो वा मोकळी जागा, मूळ क्रमाने नव्या डिस्कवर उतरवून घेण्याची क्रिया. व्यवहारात हिला ‘क्लोनिंग’ म्हणतात. निवडक फाइलींच्या बॅकअपमध्ये न येणारी बूटची (यंत्र सुरू होण्यास लागणारी) माहिती आणि विभाजन-सारणीही (डिस्कच्या विभागांची यादी) हिच्यात येते. म्हणून सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील चादर-टॉवेल कारखान्यासारख्या ठिकाणी, जेथे हिशेब, ऑर्डरी व नक्षीच्या फाइली एकाच सर्व्हरवर असतील तेथे, हिचे मोल मोठे आहे.

या कामाची जुनी आज्ञा ‘डीडी’. ती युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत (१९७४) आढळते. नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ‘कॉपी अँड कन्व्हर्ट’ असे नाव योजले होते, पण ‘सीसी’ ही अक्षरे कंपायलरने (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या आज्ञेने) आधीच घेतल्याने पुढचे अक्षर आले, ही व्युत्पत्ती रंजक असली तरी मागाहून रचलेली वाटते. आयबीएमच्या मोठ्या संगणकांना कामे नेमून देणाऱ्या जॉब कंट्रोल लँग्वेजमधील ‘डीडी’ (डेटा डेफिनिशन) विधानावरून ते आले, असे युनिक्सचे सहनिर्माते डेनिस रिची यांनी सांगितले आहे. युनिक्सच्या घडणीतील त्यांचे सहकारी डग्लस मॅकिलरॉय यांच्या मते आज्ञेचा मूळ हेतू आयबीएम व डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) यांच्या यंत्रांच्या भिन्न लिपिसंकेतांत (अक्षरे अंकांत साठवण्याच्या पद्धतींत) रूपांतर करणे हा होता. तिची इतर युनिक्स आज्ञांहून निराळी वाक्यरचना पाहता रिचींचे मत अधिक ग्राह्य ठरते. आयबीएमची ती विधाने छिद्रित कार्डांवर दिली जात. त्यावरून सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावरील छिद्रित पुठ्ठ्यांशी (या मागाचे फ्रेंच निर्माते जकार, १८०४) नाते जोडता येते. मात्र छिद्रित कार्डांवर चालणाऱ्या गणनायंत्राचे जनक हर्मन होलरिथ यांनी आपल्या कार्डांची प्रेरणा आगगाडीच्या तिकिटाला पाडलेल्या छिद्रांत सांगितल्याने ते कल्पनेच्या साम्यापुरतेच मानावे.

वाचता न येणारा सेक्टर लागताच डीडी थांबते. त्रुटी ओलांडण्याचा पर्याय दिला, पण रिकाम्या जागी शून्ये भरण्याचा दिला नाही, तर पुढची सर्व माहिती मागे सरकते आणि प्रत निरुपयोगी होते. बिघडलेल्या डिस्कसाठीच असलेली ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ ही आज्ञा आधी सुस्थितीतील भाग उतरवून घेते. खराब पट्ट्यांच्या कडा, मग त्यांचा गाभा, शेवटी पुनःप्रयत्न असा तिचा क्रम असतो. प्रत्येक भागाची नोंद नकाशा-फाइलीत राहते. मध्येच वीज गेली तरी काम तेथूनच सुरू करता येते. मरू घातलेल्या डिस्कचे प्रत्येक वाचन तिचे शेवटचे ठरू शकते, हे या क्रमामागचे कारण. त्यामुळे फाइल-प्रणालीची दुरुस्ती मूळ डिस्कवर कधीही करू नये. ती प्रतीवरच करावी. स्रोत व लक्ष्य यांची अदलाबदल झाल्यास मूळ माहितीवर नव्या डिस्कचा मजकूर लिहिला जातो. आज्ञा देण्यापूर्वी दोन्हींचे अनुक्रमांक ताडून पाहणे अत्यावश्यक आहे.

नवी डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा मोठी हवी. सेकंदाला १०० मेगाबाइट वेग टिकला तर १ टेराबाइटला सुमारे पावणेतीन तास लागतात. खराब सेक्टर असल्यास कितीतरी अधिक. मोठ्या डिस्कवर जीपीटी सारणीची (विभाजन-सारणीचा एक प्रकार) राखीव प्रत नव्या डिस्कच्या शेवटी हलवावी लागते. दोन्ही डिस्कचे ओळख-क्रमांक सारखेच झाल्याने त्या एकत्र जोडून यंत्र सुरू करू नये.

सोलापूरचा उन्हाळा ४० अंश सेल्सिअसपलीकडे जातो, म्हणून डिस्क बिघडल्याचा दोष उष्णतेला दिला जातो. एक लाखाहून अधिक डिस्कांवरील गूगलच्या अभ्यासात (२००७) तापमान व बिघाड यांचा संबंध समजला जातो त्याहून क्षीण दिसला. जास्त तापमानात व जुन्या डिस्कांत तो काहीसा जाणवला. त्याच अभ्यासानुसार पहिल्या स्कॅन-त्रुटीनंतर (डिस्कचा पृष्ठभाग तपासताना आढळलेल्या त्रुटीनंतर) ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. प्रत काढायची वेळ ही त्रुटी दिसताच येते.