नाव कोणाचे, कब्जा कोणाचा: सायप्रसच्या निर्वासितांविषयीचे दोन निकाल

ठाणे जिल्ह्यात जमिनीचा वाद निघाला की पहिला प्रश्न असतो, सातबाऱ्यावर नाव कोणाचे आणि कब्जा कोणाचा. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे इथे कोणाला समजावावे लागत नाही. दुभंगलेल्या देशातील निर्वासितांची मालकी न्यायालयाने मान्य केली की मात्र घर परत मिळालेच, असे आपण सहज धरून चालतो.

1974 मध्ये तुर्की सैन्याने सायप्रसचा उत्तर भाग घेतला. ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे आले, तर तुर्की सायप्रसवासी उत्तरेकडे गेले. उत्तरेतील किरेनियात ज्यांचे भूखंड राहिले होते, त्या टिटिना लोइझिदू यांच्या खटल्यात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी सांगितले, की उत्तरेतील प्रशासनाने कागदोपत्री जमीन काढून घेतली तरी कायदेशीर मालक त्याच आहेत आणि त्यांना तिथे जाऊ न देण्याची जबाबदारी तुर्कस्तानची आहे. 1998 मध्ये ठरलेली भरपाई तुर्कस्तानने डिसेंबर 2003 मध्ये दिली. पण ती जमिनीची किंमत नव्हती, जमीन वापरता न आल्याबद्दलची रक्कम होती. त्या भूखंडांवर लोइझिदू कधी राहिल्या नव्हत्या, म्हणून ‘घराचा’ हक्क भंगल्याचा त्यांचा दावा मात्र त्याच निकालाने फेटाळला.

अशाच ग्रीक सायप्रसवासी मालकांच्या डेमोपुलोस खटल्यातील त्याच न्यायालयाचा 1 मार्च 2010 चा निर्णय याच्या उलट आहे असे बरेच जण मानतात, आणि मला ते चुकीचे वाटते. मालकी त्यातही नाकारलेली नाही. उत्तरेत 2006 पासून काम करणाऱ्या मालमत्ता आयोगाकडे आधी दाद मागा; तो ताबा, अदलाबदल किंवा पैसे देऊ शकतो, एवढेच न्यायालयाने सांगितले. सुमारे 35 वर्षांत त्या घरांत दुसरी कुटुंबे रुजली होती आणि त्यांना सरसकट बाहेर काढायला लावणे न्यायालयाला अन्याय्य वाटले. पहिला निकाल नावाविषयी बोलतो, दुसरा कब्जाविषयी.

फाळणीनंतर सिंधी निर्वासित जिथे वसले, त्या उल्हासनगरमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने मिटला. एका स्नेह्यांच्या लोखंडी कपाटात आजोबांच्या ‘क्लेम’चा, म्हणजे पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्याचा, कागद आहे: सिंधमधील शिकारपूरचे घर, खोल्यांची मापे, घड्यांवर विरलेली शाई. 1954 च्या कायद्याने पाकिस्तानात गेलेल्यांच्या भारतात राहिलेल्या मालमत्तेवरील जुन्या मालकांचे हक्क संपवले आणि इकडे आलेल्यांना अंशतः भरपाई दिली. दावा जितका मोठा, तितके तिचे प्रमाण कमी. तो कागद हातात घेताना हिशेब पुरा झाला असे मला कधीच वाटले नाही, पण त्या घरात आज राहणाऱ्याला त्या कागदाची भीती नाही.

सायप्रसमध्ये ती भीती राहिली. 24 एप्रिल 2004 च्या सार्वमतात काही मालमत्ता परत आणि उरलेल्यांची भरपाई अशी तडजोड असलेली संयुक्त राष्ट्रांची योजना सुमारे 76 टक्के ग्रीक सायप्रसवासीयांनी नाकारली, तर सुमारे 65 टक्के तुर्की सायप्रसवासीयांनी स्वीकारली. सैन्य आणि सुरक्षितता ही कारणे होतीच. तरीही ज्याला न्यायालयाने मालक म्हटले, त्याला अर्ध्या हक्कावर समाधान माना असे सांगणे अवघड असते, हे मला पटते. डेमोपुलोस निर्णयानेही कोणावर सक्ती केली नाही. ज्याला आयोगाकडे जायचे नसेल, त्याने राजकीय तोडग्याची वाट पाहावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.