‘पाळीव’ चित्ता: एका चुकीच्या शब्दाची पार्श्वभूमी

महागड्या गाडीत मालकाशेजारी बसलेल्या चित्त्याचे फोटो आखाती देशांतून अधूनमधून फिरत असतात. खाली ओळ असते, ‘पाळीव चित्ता’. असा प्राणी जगात कधी नव्हता आणि आजही नाही. तरी प्रतिष्ठेची खूण म्हणून त्याला बाळगण्याची हौस फार जुनी आहे.

आपल्याकडे बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्त्याकरवी होणाऱ्या शिकारीचं वर्णन सापडतं. पुढे मुघल दरबारात ही हौस शिगेला पोचली. अकबर बादशहाने हजार चित्ते गोळा केले होते, असं त्याच्या मुलानेच, जहांगीरने, आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यांची वीण व्हावी म्हणून बापाने नर-मादी बागेत मोकळे सोडून पाहिले, पण उपयोग झाला नाही. मुलाच्या कारकिर्दीत, १६१३च्या सुमारास, एक नर पट्टा सोडवून मादीपाशी गेला आणि तीन पिल्लं झाली. बादशहाने मुद्दाम नोंद करावी इतकी ही गोष्ट दुर्मीळ होती. त्यानंतर बंदिवासातल्या जन्माची खात्रीलायक नोंद मिळते ती थेट १९५६ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची.

शब्दाचा घोळ इथेच आहे. गाय, कुत्रा, घोडा हे पाळीव, कारण त्यांची वीण पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाती राहिली आणि त्यातून त्यांचा स्वभावच बदलला. चित्ता फक्त माणसाळतो, आणि तोही एकेकटा. त्याच्या पिल्लांना हा गुण वारशाने मिळत नाही. शिवाय शिकारीसाठी पिल्लू उपयोगाचं नसे. आईकडून शिकार शिकलेला मोठा चित्ताच जंगलातून धरून आणावा लागे. मग डोळ्यांवर टोपी चढवून त्याला माणसांच्या गजबजाटाची सवय लावत. शिकारीच्या दिवशी बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेऊन टोपी काढत. हे कसब थोर होतं, यात शंका नाही. पण दरबारातला प्रत्येक चित्ता म्हणजे माळरानावरून कमी झालेला एक चित्ता, हा हिशेब ‘पाळीव’ या शब्दाने झाकून टाकला.

विसाव्या शतकात तो हिशेब उघडा पडला. इथे चित्ते मिळेनात, म्हणून संस्थानिक ते आफ्रिकेतून मागवू लागले. कोल्हापूर संस्थानातही असे चित्ते आले आणि तिथल्या चित्तेवानांनी त्यांना काळविटांमागे धावायला तयार केलं. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात १९४७ साली तीन चित्ते मारले गेले. देशातले शेवटचे म्हणून त्यांचीच नोंद आहे. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आफ्रिकी चित्ता ‘परका’ म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो भारतात आणायला मनाई केली आणि २०२० मध्ये प्रयोग म्हणून परवानगी दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात उतरले. परकेपणावर एवढा वाद झाला, पण संस्थानांनी हेच आफ्रिकी चित्ते आधीच आणले होते याची आठवण त्यात फारशी निघाली नाही.

आता पिल्लांना मागणी आहे, कारण शिकार कोणालाच करवून घ्यायची नाही. चित्त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७५पासून जवळपास बंद आहे. तरी आफ्रिकेच्या शिंगातून, म्हणजे खंडाच्या ईशान्य टोकाकडून, मुख्यतः सोमालीलँडच्या किनाऱ्यावरून, काही आठवड्यांची पिल्लं होड्यांतून येमेनमार्गे आखाती देशांत जातात. बरीच वाटेतच मरतात. संयुक्त अरब अमिरातीने २०१७पासून खासगी व्यक्तींना जंगली प्राणी बाळगायला मनाई केली, तरी समाजमाध्यमांवर जाहिराती येतच राहिल्या. तस्करांकडून सोडवलेल्या पिल्लांनाही जंगलात परत सोडता येत नाही. शिकार शिकवणारी आई त्यांना उरलेली नसते. जुन्या चित्तेवानांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते पिल्लं धरत नसत.