परतीचं तिकीट काढण्याआधी कॉर्निया मोजून घ्या

दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी येणाऱ्यांच्या यादीत लग्नकार्य, देवदर्शन आणि बँकेची कामं असतात. त्यांच्या जोडीला हल्ली आणखी एक काम असतं, चष्म्याचा नंबर काढून टाकण्याचं. त्यामागचा हिशेब चुकीचा नाही. अमेरिकेतल्या बहुतेक आरोग्य विमा योजना या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाहीत, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही ती सहसा करत नाही, आणि भारतातल्या चांगल्या रुग्णालयांत ती तशाच यंत्रांवर बरीच कमी पैशांत होते. घोटाळा होतो तो तारखांचा. टेबलावरचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं, म्हणून ते सुट्टीत कुठेही बसेल असं वाटतं. पण शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर डोळ्याला ठरावीक दिवस द्यावेच लागतात, आणि किती ते कोणती शस्त्रक्रिया होणार यावर ठरतं. कोणती होणार हे तपासणीशिवाय कळत नाही. त्यामुळे परतीचं तिकीट हातात घेऊन आलेला माणूस पहिल्याच दिवशी अडतो.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. घड्याळाच्या काचेसारखी ती बाहेर फुगलेली असते. डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) धरली, तर त्यातली ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. जाडी मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. तिची गोलाई थोडीशी सपाट केली तरी नंबर उतरतो. हे काम एक्सायमर लेसर करतो. त्याच्या अतिनील किरणांची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर असते, आणि एका ठोक्यात तो सुमारे पाव मायक्रॉन ऊती उडवतो. त्यात भाजण्याचा भाग जवळजवळ नसतो, रेणूंमधले बंधच तुटतात. शस्त्रक्रियेच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो तो या उडालेल्या रेणूंचा, डोळा भाजल्याचा नव्हे. या किरणांनी प्राण्यांची ऊती इतकी स्वच्छ कापता येते, हे १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळ भारतीय शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो प्रयोग केला होता.

आता आकडेमोड पाहू, कारण निर्णय तिच्यावरच होतो. नंबर काढण्याच्या लॅसिक या शस्त्रक्रियेत आधी फेम्टोसेकंद (अतिसूक्ष्म ठोक्यांच्या) लेसरने कॉर्नियाचा सुमारे ११० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा सोडवून बाजूला उलटतात, खालचा भाग एक्सायमरने घासतात आणि पापुद्रा परत बसवतात. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात एक डायॉप्टर उतरवायला साधारण १४ मायक्रॉन खर्च होतात. समजा कॉर्निया ५२० मायक्रॉनचा आणि नंबर उणे ६ आहे. पापुद्र्याचे ११० आणि घासलेले ८४ वजा जाता ३२६ उरतात. हे चालतं. कॉर्निया ५०० चा आणि नंबर उणे ८ असेल तर ११० आणि ११२ जाऊन उरतात २७८. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन राहायला हवेत ही जुनी मर्यादा. आज बरेच सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत, आणि पापुद्रा व घासलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांपलीकडे जाऊ नये हेही पाहतात. दुसऱ्या उदाहरणात ते ४४ टक्के होतात. परत बसवलेला पापुद्रा कॉर्नियाला पूर्वीसारखी ताकद देत नाही, त्यामुळे डोळ्याच्या आतला दाब पेलायचं काम या उरलेल्या थरावरच पडतं. तो पातळ झाला तर कॉर्निया काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढे फुगत जातो, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. अशा माणसाला 'लॅसिक नको' सांगणारं रुग्णालय त्याचं भलं करत असतं.

मोजणी खोटी निघण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. दिवसभर लेन्स बसून कॉर्नियाचा आकार दबतो आणि तपासणीत यंत्र कॉर्नियाच्या आकाराचा जो नकाशा काढतं त्यावर जो उंचसखलपणा दिसतो तो डोळ्याचा नसून लेन्सचा असतो. साध्या सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे, सिलिंडर नंबरच्या (गोलाई सगळीकडे सारखी नसलेल्या डोळ्यांच्या) सॉफ्ट लेन्स किमान दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट लेन्स तीन-चार आठवडे किंवा नकाशा स्थिर होईपर्यंत बंद ठेवाव्या लागतात. आता तीन आठवड्यांची सुट्टी मांडून पाहा. मुंबईत उतरल्यावर लेन्स काढली तर खरी मोजणी पंधराव्या दिवशी होणार आणि नंतरच्या तपासण्यांना दिवसच उरणार नाहीत. म्हणून लेन्स तिकडेच, निघण्याच्या दोन-तीन आठवडे (सेमी-सॉफ्ट असतील तर तीन-चार आठवडे) आधी थांबवायच्या आणि विमानात चष्मा लावून बसायचं. वर्षभरापूर्वीच्या नंबराचा कागदही बरोबर हवा. नंबर वर्षात अर्ध्या डायॉप्टरहून जास्त सरकला असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असतानाही नंबर आणि कॉर्निया दोन्ही बदलू शकतात, तेव्हा त्या काळात हा विषय काढूच नये.

लॅसिकनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ स्पष्ट दिसतं आणि माणूस बॅग भरायला घेतो. त्याने आठवडाभर तरी थांबावं असं आमचं स्पष्ट मत आहे. पापुद्रा सरकण्याची भीती पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असते. एखाद्याने झोपेत डोळा चोळला की पापुद्र्याला सुरकुती पडते, आणि ती लगेच सरळ केली तर सहज निघते, उशीर झाला तर तशीच बसते. दुसरा त्रास पापुद्र्याखाली सूज येण्याचा. तो पहिल्या ते तिसऱ्या दिवसात दिसतो. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डॉक्टरांच्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पापुद्र्याच्या कडेला बारीक वाळू पसरल्यासारखे पांढरे कण दिसतात. दुखत फारसं नाही, लालीही नसते, म्हणून रुग्णाला पत्ता लागत नाही. वेळेत दिसलं तर दर तासाला स्टेरॉइडचे थेंब घालून ते आवरतं. दृष्टीच्या मध्यभागी सरकलं तर पापुद्रा उचलून धुवावा लागतो. अठ्ठेचाळीसाव्या तासाला माणूस विमानात असेल तर हे कोण पाहणार? विमानाच्या दाबाचा लॅसिक झालेल्या डोळ्याला धोका नाही, पण केबिनमधली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते. पापुद्रा कापताना कॉर्नियाचे संवेदनतंतू तुटलेले असल्याने पुढचे तीन ते सहा महिने डोळे तसेही कोरडे राहतात. प्रवासात प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब हाताशी ठेवून तासा-दीड तासाने घालावेत.

स्माइल पद्धतीत पापुद्रा नसतो. लेसरने कॉर्नियाच्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढतात. कोरडेपणा कमी, पापुद्रा सरकण्याची भीती नाही. मात्र नंबर तितकाच असताना ऊती लॅसिकपेक्षा थोडी जास्तच जाते, आणि थोडा नंबर राहिला तर पुन्हा करणं लॅसिकइतकं सोपं नसतं.

पीआरके ही जुनी पद्धत पातळ कॉर्नियाला उपयोगी पडते. वरची त्वचा खरवडून थेट घासायचं आणि वर पट्टीसारखी लेन्स ठेवायची. ती चौथ्या-पाचव्या दिवशी काढतात. पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि काम करण्याइतकं दिसायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. खरी मेख पुढे आहे. स्टेरॉइडचे थेंब दोन-तीन महिने कमी कमी करत चालवावे लागतात, आणि काही जणांच्या डोळ्याचा दाब या थेंबांनीच वाढतो. तो न दुखता वाढतो. तीन-चार आठवड्यांनी दाब मोजणारा डॉक्टर परदेशात आधी ठरवून ठेवला नसेल, तर छोट्या सुट्टीत पीआरके करून घेऊ नये.

मोठ्या नंबरासाठी आयसीएल असतं. बाहुलीमागे, पण आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे, पातळ भिंग बसवतात. कॉर्नियातून काही घासलं जात नाही आणि गरज पडल्यास भिंग काढताही येतं. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ ते ३ मिलिमीटर तरी लागते. भिंगाचं माप चुकलं तर दोन्हीकडून पंचाईत होते. मोठं बसलं तर डोळ्यातला पाण्याचा मार्ग अडतो, लहान बसलं तर ते नैसर्गिक भिंगाला टेकून मोतीबिंदू लवकर येतो. सिलिंडरसह हव्या त्या मापाचं भिंग तयार नसेल तर मागवायला काही आठवडे जातात, म्हणून एका सुट्टीत मोजणी आणि पुढच्या सुट्टीत शस्त्रक्रिया असं दोन फेऱ्यांत बसवणं शहाणपणाचं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत दाब एकदम चढू शकतो. त्या संध्याकाळी डोकं दुखून उलटी झाली तर प्रवासाचा शीण म्हणून झोपू नका, थेट रुग्णालय गाठा.

तपासणीत कॉर्नियाचा नकाशा खालच्या बाजूला टोकदार दिसला तर तो केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार, असू शकतो. भारतात तो तरुणांमध्ये बराच आढळतो, आणि ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळण्याची सवय त्याला हातभार लावते. सिलिंडर नंबर दरवर्षी वाढतोय ही त्याची खूण. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर फुगवटा झपाट्याने वाढतो. त्याला सीथ्रीआर हा उपचार लागतो. त्यात रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाशाने कॉर्नियाचे तंतू एकमेकांना बांधतात. त्याने फुगवटा थांबतो, चष्मा जात नाही.

वयाचंही बोलायला हवं. बेचाळिशीतल्या उणे २ नंबरवाल्याचा लांबचा चष्मा गेला की चाळिशी लगेच लागते, कारण आतापर्यंत तो चष्मा काढून पेपर वाचत होता. हे आधी न सांगितल्यामुळे होणारी निराशा फार खरी असते.

डोळ्यांचा रंग बदलण्यासाठी बुबुळात बसवायच्या रंगीत चकत्या मात्र कोणत्याही देशात जाऊन बसवून घेऊ नयेत. त्यांनी काचबिंदू झाला आहे, कॉर्निया पांढरा पडला आहे, दृष्टी गेली आहे. निरोगी डोळ्यात नुसत्या रंगासाठी चकती घालायला वैद्यकीय कारणच नाही.

प्रवासाचा सर्वांत कडक नियम डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) शस्त्रक्रियेचा आहे. मोठा उणे नंबर म्हणजे लांबट डोळा, आणि लांबट डोळ्याचा पडदा ताणलेला. लॅसिकने नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, म्हणून शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा तपासायच्या, विरळ जागा वा भोक सापडलं तर आधी त्यावर लेसर करून घ्यायचा. पडदा निसटलाच तर शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. साधी हवा आठवडाभरात विरते, सल्फर हेक्साफ्लोराइड साधारण दोन आठवड्यांत आणि परफ्लुओरोप्रोपेन सहा ते आठ आठवड्यांत. विमानात केबिनचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका, म्हणजे जमिनीवरच्या पाऊण पट होतो आणि बुडबुडा एक तृतीयांशाने फुगू पाहतो. डोळ्यात जागा नसते. आतला दाब इतका चढू शकतो की पडद्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि दृष्टी कायमची जाते. म्हणून बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. हाच नियम घाटालाही लागू आहे. मुंबईत शस्त्रक्रिया करून सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला घरी जाणाऱ्याचा बुडबुडाही सहाव्या हिश्श्याने फुगू पाहतो, त्यामुळे गाडीचा रस्तासुद्धा डॉक्टरांना सांगावा लागतो. बुडबुडा आहे की गेला हे रुग्णाला स्वतःला दिसतं. नजरेच्या खालच्या भागात एक रेघ डुलते, गवंड्याच्या पाणसळीतल्यासारखी, आणि बुडबुडा विरेल तशी ती खाली उतरत जाते. तरीही विमानाची परवानगी तपासणीनंतरच घ्यायची. बुडबुडा असताना दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेसाठी भूल घ्यावी लागली तर भूलतज्ज्ञाला ते आधी सांगायचं, नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो. बुडबुड्याऐवजी सिलिकॉन तेल भरलं असेल तर उंचीने त्रास होत नाही, पण ते काढायला पुन्हा यावं लागतं.

मुलांकडे सहा महिने राहायला निघालेल्या आईवडिलांचा मोतीबिंदू जाण्याआधी किमान सहा आठवडे काढावा. जंतुसंसर्ग झालाच तर तो बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात कळतो: दुखणं, लाली आणि दिसणं कमी होणं. तेव्हा काही तासांत उपचार लागतो. चष्म्याचा पक्का नंबरही चार ते सहा आठवड्यांनीच काढतात.

निघताना रुग्णालयाकडून कागद मागून घ्या: शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी, नकाशाची रंगीत प्रत, लेसरच्या यंत्राने छापलेला उपचाराचा तपशील, आणि डोळ्यात भिंग बसवलं असेल तर त्याच्या खोक्यावरचा स्टिकर. लॅसिक झालेल्या माणसाला पंचवीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू येतो तेव्हा वक्रता मोजणारं यंत्र फसतं. घासल्यामुळे कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या गोलाईचं नेहमीचं प्रमाण मोडलेलं असतं, यंत्र ते गृहीत धरूनच गणित करतं, आणि बसवलेलं भिंग कमी ताकदीचं निघून माणसाला अधिक (प्लस) नंबरचा चष्मा लागतो. आजची सूत्रं ही चूक बरीच भरून काढतात, आणि मूळ नंबर नि वक्रता हाती असली की भिंग निवडणं आणखी सोपं जातं. रुग्णालयं जुनी कागदपत्रं इतकी वर्षं ठेवतीलच असं नाही. मूळ प्रत घरी ठेवा आणि फोटो काढून तो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.