भाऊबंदकी

भाऊबंदकी म्हणजे एकाच घराण्यातल्या वाटेकऱ्यांमधलं वैर, बहुतेक वेळा जमीन किंवा घराच्या वाटणीवरून पेटलेलं. दुश्मनी कुणाशीही होते, हाडवैरही होतं, पण भाऊबंदकी फक्त भावकीतच, कारण तिथे दोघांचाही हक्क खरा असतो आणि सातबाऱ्यावर दोघांचंही नाव असतं. मामा-मावशीकडच्या भांडणाला कोणी भाऊबंदकी म्हणत नाही, भाऊबंद म्हणजे बापाकडचे, ज्यांचं सुतक आपल्याला येतं ते, आणि पंधरा-पंधरा वर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसंसुद्धा ते दहा दिवस पाळतातच.

बोलताना 'त्यांच्यात भाऊबंदकी आहे', 'गावात भाऊबंदकी माजलीय', 'भाऊबंदकीत रान पडीक राहिलं' असं म्हणतात. नुसतं 'भावकी' म्हटलं तर त्यात वैर नाही, ती फक्त गोतावळ्याची माणसं. राजकारणात काका-पुतण्यांचं फाटलं की पेपरवाले हाच शब्द काढतात.

इतिहासातलं सगळ्यात माहीत असलेलं उदाहरण पेशव्यांचं, ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि ठपका सख्ख्या चुलत्यावर, रघुनाथरावावर आला. खाडिलकरांनी या प्रकरणावर लिहिलेल्या नाटकाचं नावच 'भाऊबंदकी' आहे.

गावाकडे मात्र याची सुरुवात फार लहान गोष्टीतून होते. नांगरताना दरवर्षी वीतभर बांध कोरायचा, सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी मोडून मोटर चालू करायची, वहिवाटीच्या रस्त्यावर काट्या टाकायच्या, मग मोजणी आणा, मोजणी मान्य नाही म्हणून परत अर्ज, मग कोर्ट. रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण मूळ वाटणीचा वाद दिवाणी कोर्टातच जातो आणि तिथे पिढी जाते. यात बहिणींचं सगळ्यात जास्त नुकसान झालंय असं मला वाटतं, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला तरी 'माहेर तुटेल' या भीतीने कितीतरी जणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात.

२०२३ मध्ये राज्य सरकारने सलोखा योजना आणली, एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल तर अदलाबदलीचा दस्त मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये एवढ्यात होतो. योजना खरंच चांगली आहे, पण तिला दोघांची संमती लागते आणि जे एकमेकांच्या दारात जात नाहीत त्यांना एका कागदावर सही करायला बसवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.