बव्हेरिया विधानसभा निवडणूक, 1954 आणि चार पक्षांचं सरकार

जर्मनीतलं बव्हेरिया राज्य म्हणजे सीएसयू या परंपरावादी ख्रिश्चन पक्षाचा बालेकिल्ला हे समीकरण आता इतकं पक्कं झालंय की हा पक्ष तिथे कधीकाळी विरोधात बसला होता हे सांगूनही पटत नाही. पण 1954 ते 1957 अशी जवळपास तीन वर्षं तो बसला होता, तेही सगळ्यात मोठा पक्ष असताना.

मतदान झालं 28 नोव्हेंबर 1954 ला. 204 जागांपैकी सीएसयूला 83, समाजवादी एसपीडीला 61, बव्हेरियाच्या स्वायत्ततेवाल्या बायर्नपार्टायला 28, निर्वासितांच्या बीएचईला 19 आणि उदारमतवादी एफडीपीला 13. सीएसयूची मतं 1950 च्या 27.4 टक्क्यांवरून 38 वर गेली होती, त्यामुळे सरकार आपलंच असं त्यांनी धरून चाललेलं. तेवढ्यात एसपीडीच्या वाल्डेमार फॉन क्नोरिंगनने सीएसयू सोडून बाकीच्या चारही पक्षांची मोट बांधली, बेरीज 121, आणि 14 डिसेंबरला विल्हेल्म होग्नर मुख्यमंत्री झाले. नाझी काळात स्वित्झर्लंडमध्ये आसरा घेतलेला आणि 1946 ची बव्हेरियाची राज्यघटना घडवण्यात मोठा वाटा असलेला हा माणूस, त्यामुळे नावाला वजन होतं.

खरं तर या चौघांचं एकमेकांशी काही जमणारं नव्हतं. समाजवादी, बव्हेरियाच्या स्वायत्ततेवाले, पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन आणि उदारमतवादी, सगळी खिचडीच. एकत्र आणलं ते शाळांनी. शिक्षकांचं प्रशिक्षण कॅथलिक-प्रोटेस्टंट असं धर्मपंथानुसार वेगळं चालायचं, ते सीएसयूला तसंच ठेवायचं होतं आणि बाकीच्यांना बदलायचं होतं. शिवाय बायर्नपार्टायचे योसेफ बाउमगार्टनर आधी सीएसयूतच होते, 1948 मध्ये बाहेर पडलेले, म्हणजे जुना हिशेबही होताच. ते उपमुख्यमंत्री आणि कृषिमंत्री झाले. शिक्षणखातं मात्र कुठल्याच पक्षाला न देता प्राध्यापक आउगुस्ट रुकर यांच्याकडे दिलं, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट.

सप्टेंबर 1957 च्या केंद्रीय निवडणुकीत सीएसयूने बव्हेरियात 57.2 टक्के मतं घेतली आणि बीएचई, बायर्नपार्टाय दोघांनाही वारं कुठे वाहतंय ते कळलं, दोघांनी हात काढून घेतला. होग्नरनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. सीएसयूचे हान्स झायडेल मुख्यमंत्री झाले ते बीएचई आणि एफडीपीला सोबत घेऊन, म्हणजे चौघांतले दोघे सरळ पलीकडे! तेव्हापासून आजवर मुख्यमंत्रिपद सीएसयूकडेच आहे.

बायर्नपार्टायची फरफट इथेच थांबली नाही. 1955 मध्ये कॅसिनोंना परवाने दिले होते, त्याच्या चौकशी समितीपुढे शपथेवर खोटं बोलल्याबद्दल 1959 मध्ये कोर्टाने बाउमगार्टनरना 2 वर्षं आणि त्याच पक्षाचे राज्याचे माजी गृहमंत्री गाइसलहोरिंगरना 15 महिन्यांची शिक्षा सुनावली. या प्रकरणात सीएसयूचे फ्रीडरिश त्सिमरमानही खोट्या शपथेत अडकले, आधी दोषी ठरले, मग 1961 मध्ये सुटले आणि पुढे 1982 मध्ये चक्क देशाचे गृहमंत्री झाले.