कसाऱ्याचा उतार आणि जुन्या पिकअपचे ब्रेक

नाशिकहून मुंबईकडे माल नेणारी पिकअप इगतपुरी ओलांडून कसाऱ्याला पोहोचते, तेव्हा ती सुमारे ३०० मीटर खाली उतरलेली असते. गाडी आणि माल मिळून वजन अडीच टन धरले, तर या एका उतारात हवा, टायर, इंजिन आणि ब्रेक यांना मिळून जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्या उष्णतेवर २२ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवायला जितकी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या एकवीसपट हा भार आहे. दिंडोरीची द्राक्षे, पिंपळगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा हे सारे वाशीला जाते ते याच उतारावरून; पेठ रस्त्याने गुजरातकडे जाणाऱ्यांना सावळघाट आणि कोटंबी घाट आहेत, तर धुळ्याच्या दिशेला चांदवडजवळचा राहूड घाट आहे. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या पिकअपचे मालक गॅरेजमध्ये येऊन ‘पुढे डिस्क टाकून द्या’, म्हणजे पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवा, असे म्हणतात, ते या घाटांच्या धास्तीने, आणि ती धास्ती खरी आहे. मात्र डिस्क हा ब्रेकच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतला एक टप्पा आहे. त्याच्या आधीचे आणि त्याला जोडून आलेले टप्पे वगळून केवळ डिस्क बसवली, तर काम अर्धवट राहते. कधी कधी गाडी पूर्वीपेक्षाही कमी भरवशाची होते.

उतारावर गाडी आवरण्याचा प्रश्न मोटारीच्या आधीपासूनचा आहे. १८६५ साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली, तेव्हा तिला ३७ फुटांना १ फूट असा चढ घ्यावा लागला, आणि ब्रेक सुटलेली गाडी चढाच्या दिशेने वळवून थांबवता यावी म्हणून घाटात वेगळे फाटे ठेवावे लागले. रस्त्यावरच्या वाहनांचा ब्रेक त्या काळी अगदी साधा होता. लोखंडी धाव चढवलेल्या चाकावर लाकडी ठोकळा दाबायचा, एवढेच. हा ठोकळा पावसात घसरे आणि उतारावर जळे. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी तेथील डोंगराळ रस्त्यांवरच्या गाड्या पाहून घर्षणासाठी खास अस्तर तयार केले आणि १८९७ मध्ये त्याचा व्यवसाय सुरू केला. आपल्या आडनावाची इंग्रजी अक्षरे फिरवून आणि त्यांत ‘ई’ हे एक अक्षर घालून त्यांनी त्याला फेरोडो हे नाव दिले. गॅरेजमध्ये आज ज्याला आपण लायनर म्हणतो, त्याची सुरुवात ही अशी उतारावरच झाली.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा, ज्याला लायनर लावलेले कमानदार शू आतून दाबतात; डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, जिला पॅड दोन्ही बाजूंनी चिमटतात. यांपैकी ड्रम जुना आणि डिस्क नवी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वर्षीच्या आहेत. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी आतून फाकणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक १९०२ मध्ये पुढे आणला, आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टर यांच्या डिस्कला चिमटणारे पॅड तांब्याचे होते. ते कर्कश आवाज करीत आणि त्या वेळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. त्यामुळे ती कल्पना मागे पडली आणि ड्रमने पन्नास वर्षे राज्य केले. ड्रम झाकलेला असल्यामुळे धूळ आत कमी जाते. त्याहून मोठा त्याचा गुण म्हणजे तो स्वतःच स्वतःला मदत करतो: फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढत नेतो आणि शू अधिकच घट्ट बसतो. पायाने कमी जोर लावूनही जड गाडी थांबते ती यामुळे. हा गुण येथे मुद्दाम मांडला आहे, कारण डिस्क बसवताना नेमका तोच हातचा जातो.

सुरुवातीचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. चारही चाकांच्या सळ्या सारख्या ताणात ठेवणे जवळजवळ अशक्य असे, आणि ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढली जाई. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम ब्रेकच्या कामी आणला तो माल्कम लॉकहीड यांनी. त्यांचे पेटंट १९१७ चे आहे. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीला चारही चाकांवर द्रवाचे ब्रेक आले. तरी सुरुवातीची सीले चामड्याची असल्याने गळती होई, आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीत रबरी कप वापरले गेल्यावर ही पद्धत सामान्य गाड्यांना परवडू लागली. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने द्रव दाबणारा), व्हील सिलिंडर (त्या दाबाने चाकातले शू ढकलणारा), रबर किट, एअर काढणे हे आपल्या मेकॅनिकच्या तोंडचे सारे शब्द त्याच काळाची देणगी आहेत.

यानंतरचा धागा नाशिकपर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ९ इंची ड्रम होते, चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाहिनी होती, आणि हँडब्रेक चाकांवर न लागता ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीमागे) प्रोपेलर शाफ्टवर लागे. ती जीप पाव टन भारासाठी आखलेली होती. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्राने पुढे हीच जीप भारतात जुळवायला आणि नंतर बनवायला घेतली. कालांतराने सातपूरला गाड्यांचा आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. जीपच्या शिडीसारख्या चासीवर, पाट्यांच्या स्प्रिंगवर हौदा चढवून पिकअप तयार झाली. इंजिने डिझेलची आणि जड झाली, हौदा लांबला, माल पाव टनावरून टनाच्या पुढे गेला. ड्रम मोठे झाले, तरी आखणीचा वंश तोच राहिला. नाशिक जिल्ह्यातल्या शेतावर अजूनही राबणाऱ्या जुन्या पिकअपकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे मला वाटते: तिचे ब्रेक सदोष नसतात, पण त्यांचा मूळ हिशेब हलक्या गाडीचा असतो.

ड्रमची खरी परीक्षा लांब उतारावर होते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडल खाली जाऊ लागते. त्याच वेळी लायनरमधले चिकट द्रव्य तापून वायू सोडते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि घर्षण घटते. चालक जोर वाढवतो तशी उष्णता वाढते आणि पकड आणखी कमी होते. ‘ब्रेक फेल झाला’ असे आपण ज्याला म्हणतो, त्यातल्या कितीतरी प्रसंगी एकही भाग तुटलेला नसतो. तासाभराने गाडी गार झाली की तोच ब्रेक पुन्हा लागतो. डिस्कचे याच्या उलट आहे. ती तापून फुगते ती पॅडच्या दिशेने, उघडी असल्यामुळे वाऱ्याने गार होते, आणि इगतपुरीच्या पावसात तिच्यावरचे पाणी चाकाच्या काही फेऱ्यांतच पुसले जाते. भिजलेला ड्रम मात्र बराच वेळ पकड घेत नाही.

लँचेस्टर यांची कल्पना शर्यतीच्या मैदानावरून परतली. १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत जग्वारने डनलपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएस गाडीने पुढच्या चाकांना डिस्क देऊन ती सामान्य ग्राहकापर्यंत आणली. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते आणि पुढच्या चाकांवरचे काम वाढते, म्हणून डिस्क आधी पुढे आली. मागे ड्रम राहिला, कारण हँडब्रेक त्यात सहज बसतो. २००० साली आलेली आणि नाशिकमध्येच तयार होणारी बोलेरो याच पद्धतीची आहे. तिचे डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) जिल्ह्यात कुठेही मिळतात, म्हणून जीपच्या वंशातल्या जुन्या गाड्यांना तेच बसवण्याचा प्रघात पडला.

आमच्या घरच्या पिकअपचा अनुभव येथे सांगणे योग्य ठरेल. वडिलांनी एका गॅरेजमध्ये तिला पुढे डिस्क आणि कॅलिपर बसवून घेतले. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला आणि बूस्टर मुळात नव्हताच. गाडी घरी आली तेव्हा पेडल दगडासारखे झाले होते आणि दोन दिवसांत पुढची चाके इतकी तापू लागली की हात लावू देत नव्हती. दोन्ही दोषांचे मूळ इतिहासात आहे. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून ती मदत बाहेरून द्यावी लागते. बेल्जियमच्या आल्बेर दवांद्र यांनी १९२७ मध्ये पुढे आणलेला निर्वाताचा (व्हॅक्यूमचा) बूस्टर डिस्कसाठी अपरिहार्य ठरला तो यामुळेच. दुसरे असे की ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो वाहिनीत थोडा दाब राखून व्हील सिलिंडरचे कप घट्ट ठेवतो. कॅलिपरचा पिस्टन केवळ आपल्या रबरी सीलच्या लवचिकतेने मागे सरतो, त्यामुळे तोच राखलेला दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने त्याला द्रव जास्त लागतो, आणि मास्टर सिलिंडरचा व्यास त्या हिशेबाने बदलावा लागतो. डिस्क, बूस्टर आणि मास्टर सिलिंडर हे तिन्ही एकत्रच बदलायचे असतात, हे आम्हाला दुप्पट खर्च करून कळले.

बूस्टरच्या बाबतीत डिझेल गाडीचे एक वेगळेपण आहे. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळ्यांत) निर्वात आपोआप मिळतो, जुन्या डिझेल इंजिनात तो मिळत नाही, म्हणून आपल्याकडच्या पिकअपला बहुधा अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. इंजिन बंद झाले की पंप बंद होतो, आणि बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारा चालक बूस्टरची मदत आणि इंजिनाची ओढ दोन्ही एकदम गमावतो. जुन्या पिकअपला बूस्टर लावणाऱ्या मेकॅनिकने ही गोष्ट चालकाला स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे.

माझ्या मते डिस्कच्याही आधी यावा असा एक बदल आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. एकच वाहिनी असलेल्या जुन्या गाडीत एखादा रबरी होज फुटला किंवा एक व्हील सिलिंडर गळू लागला, की चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो. एकाच नळीत दोन पिस्टन असलेल्या टँडेम मास्टर सिलिंडरने ही भीती दूर केली: एक भाग रिकामा झाला तरी दुसरा दोन चाके धरतो. अमेरिकेत १९६७-६८ च्या सुमारास नव्या गाड्यांना ही रचना सक्तीची झाली. तिच्यासाठी नव्या वाहिन्या टाकाव्या लागतात, पण चाकांना हात लावावा लागत नाही.

मागच्या चाकांचा प्रश्न नाशिकच्या शेतमालाशी थेट जोडलेला आहे. रिकाम्या पिकअपची मागची बाजू इतकी हलकी असते की जोराचा ब्रेक लागताच मागची चाके जाम होऊन गाडी आडवी होऊ शकते. भरलेल्या गाडीला मात्र मागे भरपूर ब्रेक लागतो. म्हणून काही पिकअपना मागच्या ॲक्सलशी दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो, जो हौदा किती खाली बसला आहे त्यावरून मागचा दाब ठरवतो. जास्त क्रेट भरता यावेत म्हणून मालक एक-दोन पाटे वाढवून घेतात, त्यामुळे भरलेली गाडीही उंच राहते, आणि व्हॉल्व्ह तिला रिकामी समजून मागचा ब्रेक कमी करतो. पाटे वाढवले की दांडीचे सेटिंगही बदलायला हवे. तसे न केल्यास सारे काम पुढच्या चाकांवर पडते आणि नवी डिस्कही कसाऱ्यापर्यंत तापून निळी पडते.

ब्रेक ऑइलचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. ते हवेतली ओल शोषते. ताजे डॉट ३ प्रतीचे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट तळाला जाते. डिस्कचा कॅलिपर उष्णतेच्या अगदी जवळ असल्याने बदलानंतर ताजे ऑइल भरणे आणि दर दोन वर्षांनी ते बदलणे आवश्यक आहे. जुने ड्रम उघडताना आणखी एक काळजी घ्यावी. लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले ते उष्णता सोसते म्हणून. त्याची धूळ फुफ्फुसांत जाऊन कर्करोग होतो हे नंतर सिद्ध झाले. ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवण्याची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे. ती मोडायला हवी, ओल्या फडक्याने पुसावे, कारण तेथे काम शिकणारी मुले दिवसभर तीच हवा घेतात.

कायद्याची बाजूही या इतिहासाचाच भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. त्यामुळे त्याच कंपनीच्या त्याच वंशातल्या गाडीचे भाग वापरणे, बिले जपून ठेवणे आणि काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनीला विचारून घेणे हिताचे आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. यंत्रावरच्या तपासणीत रोलरवर प्रत्येक चाकाची ब्रेक-ताकद वेगळी मोजली जाते, आणि डाव्या-उजव्या चाकांतला जो फरक चालकाला पेडलवर जाणवत नाही तो आकड्यात दिसतो. आमच्या पिकअपचे काम दुसऱ्यांदा पूर्ण झाल्यावर पुढच्या दोन चाकांचे आकडे जवळजवळ सारखे आले. मागच्या डाव्या ड्रमचा कमी आला, आणि उघडून पाहिले तेव्हा व्हील सिलिंडर गळून लायनर भिजलेले होते.