फाजील आत्मविश्वास की मिरवण्याची भूक?

कांदोळीला आले की टॅक्सीवाले अजून एका फाटकापाशी गाडी हळू करतात. "हो मल्ल्याचो बंगलो." बंगला आता मद्यउद्योगपती विजय मल्ल्यांचा राहिलेला नाही. त्यांच्या विमान कंपनीच्या थकलेल्या कर्जापोटी २०१६ मध्ये बँकांनी ताबा घेतला आणि ८५ कोटी २९ लाखांची राखीव किंमत लावून लिलाव मांडला. कोणी फिरकले नाही. किंमत दोनदा उतरवूनही गिऱ्हाईक मिळेना. अखेर एप्रिल २०१७ मध्ये एका अभिनेता-उद्योजकाने तो ७३ कोटींच्या आसपास घेतला. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच, आणि त्यामागून येणारे वाक्यही: "अती आत्मविश्वास नडला बघा."

हे वाक्य म्हणणारे दोघे बहुधा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक फाजील आत्मविश्वास, दुसरी आत्ममुग्धता, म्हणजे स्वतःच्याच कौतुकात रमणे. (दुसरीला काहीजण 'स्वमग्नता' म्हणतात. कृपया नको. तो शब्द मराठीत ऑटिझमसाठी रुळला आहे आणि त्या मुलांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.)

डिचोलीचा माझा मामेभाऊ घ्या. चीनला लोहखनिज हवे होते तेव्हा खाणपट्ट्यात घरटी एक टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, उभा असे. याने कर्ज काढून तीन घेतले. हिशेब एका लग्नपत्रिकेच्या मागे केला होता, मी पाहिलाय: एका ट्रिपचे इतके, दिवसाच्या इतक्या ट्रिपा, महिन्याचे दिवस सव्वीस, आणि सगळ्याला बाराने गुणले. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक थंडावते हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. यालाही ठाऊक होते. तरी बारानेच गुणले. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली आणि तिन्ही टिप्पर अंगणात लागले. हा झाला फाजील आत्मविश्वास. यात कोणाला काही दाखवायचे नव्हते, फक्त गणित स्वतःच्या बाजूने झुकले होते.

आता आमच्या वाड्यावरचे शेट. जत्रेच्या नाटकात राजाचे काम दरवर्षी यांचेच. पडदे, पेटीवाला, कपडेपट यांचा खर्च ते उचलतात, त्यामुळे कोणी बोलत नाही. एका वर्षी शब्द इतके विसरले की प्रॉम्प्टरचाच आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. सकाळी कोणीतरी भीतभीत विषय काढला तर म्हणाले, "टाळ्यो पडल्यो मरे!" पुढच्या वर्षी दिग्दर्शकाने प्रधानाचे काम सुचवले, तेव्हा पडद्यांचे पैसे आलेच नाहीत. शेटना आपण उत्तम नट आहोत असे खरोखर वाटते की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्यांना टाळी लागते, एवढे कळले आहे.

मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांवर संशोधकांनी या दोन्ही गोष्टी मोजून पाहिल्या आहेत, आणि मोजण्याच्या पद्धतीतच सगळी गंमत आहे. उल्रिके माल्मेंडियर आणि जेफ्री टेट (२००५) यांनी पाकीट तपासले. स्वतःच्या कंपनीचे शेअर-ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) वेळीच वापरून मोकळे व्हायचे शहाणपण सोडून कोण ते धरून बसतो? जो बसतो त्याचा स्वतःवर गरजेपेक्षा जास्त भरवसा. अरिजित चॅटर्जी आणि डोनाल्ड हॅम्ब्रिक (२००७) यांनी संगणक क्षेत्रातल्या १११ प्रमुखांचे फोटो पाहिले: वार्षिक अहवालात साहेबांचा फोटो केवढा, मुलाखतीत 'मी' किती वेळा, दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यापेक्षा पगार किती पट. आत्ममुग्ध प्रमुखांच्या कंपन्या खरेद्या जास्त आणि मोठ्या करत होत्या, कामगिरी टोकाला जाऊन हेलकावे खात होती, पण सरासरीने पाहिले तर इतरांपेक्षा ना चांगली ना वाईट. याच जोडीने २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: असे प्रमुख ताळेबंदातल्या आकड्यांनी कमी हलतात, वाहवा झाली की मात्र जोखीम वाढवतात. म्हणजे आमचे शेटच.

मल्ल्यांबाबत पाकीट आणि फोटो दोन्ही आहेत, म्हणून तर घोळ होतो. वडील गेल्यावर १९८३ मध्ये, तिशीही गाठायच्या आत, त्यांच्याकडे समूहाची सूत्रे आली. २००५ मध्ये किंगफिशर एअरलाइन्स उडू लागली. विमानातल्या पडद्यावर स्वतः मल्ल्या येऊन सांगत की माझ्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी तुमची सरबराई करा असे मी कर्मचाऱ्यांना बजावले आहे. हा फोटो. दुसरीकडे, कर्जाला त्यांनी वैयक्तिक हमी दिली. कंपनी बुडणार असे मनात असलेला माणूस सहसा स्वतःच्या नावाची सही करत नाही. हे पाकीट. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने बंगळूर-लंडन विमान सुरू केले. आता हे कशात टाकायचे? मी टिप्परच्या बाजूला झुकतो, पण पैज लावणार नाही. कंपनीने एकाही वर्षी नफा दाखवला नाही आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली. आमचे टिप्पर थांबले त्याच सुमारास.

डिसेंबर २०१५ मधला याच बंगल्यातला साठाव्या वाढदिवसाचा जल्लोष मात्र गणिताच्या चुकीत बसत नाही. बँका दारात असताना परदेशी गायक आणून वाढदिवस करण्यात कुठला अंदाज चुकलेला असतो? तिथे टाळीच हवी असते.

बँका तरी कुठे वेगळ्या? त्यांनी 'किंगफिशर एअरलाइन्स' हे नावच तारण म्हणून घेतले होते, म्हणजे एका माणसाच्या मिरवण्यावर कर्ज दिले. एप्रिल २०१६ मध्ये त्या नावाचा लिलाव ३६६ कोटी ७० लाखांपासून सुरू झाला. एकही बोली आली नाही.

एक पथ्य पाळायला हवे. १९६४ मध्ये अमेरिकेत एका मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या मनाची परीक्षा त्याला न तपासलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून करवली. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने असे निदान नियमबाह्य ठरवले. वर 'आत्ममुग्धता' म्हटले ते स्वभावाबद्दल, आजाराबद्दल नव्हे. फसवणुकीचा प्रश्न तर तिसराच. बँकांना फसवल्याचा आरोप मल्ल्या नाकारतात, आणि त्याचा निवाडा स्वभावावरून होत नाही.

२०१५ मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गावात नव्या टिप्परांची बोलणी सुरू झाली. मामेभावाने तिघांपैकी एक ठेवला होता, त्यालाच रंग दिला. यावेळचा हिशेब मी मागून घेतला. आठाने गुणले होते. मार्च २०१८ मध्ये खाणी परत बंद पडल्या, त्या दिवशी त्याच्या डोक्यावर एकही हप्ता नव्हता. शेट यंदाही राजा आहेत.